तुम्ही विचारलंत म्हणून : रात्री अकरा वाजता सुशी कुठे खायची?

पुण्या-मुंबईहून कोणीही टोकियोला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेसेज येतोच. वेळ रात्री साडेदहाच्या पुढची. "झोपली नाहीस ना? भूक लागलीये. जवळपास एखादं साधं सुशीचं दुकान सांग. फार भारी नको." विचारणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे! टोकियोत सुशीचं दुकान दाखवायचं म्हणजे कोकणात नारळाचं झाड दाखवण्यासारखं.

तसं ते नाही. जपान आपल्या साडेतीन तास पुढे. इथे अकरा वाजतात तेव्हा पाहुण्याच्या पोटात साडेसात वाजलेले असतात, आणि त्याला खरी भूक लागेपर्यंत मध्यरात्र होते. गल्लीतला सुशीवाला मात्र साडेनऊपासूनच आवरायला लागलेला असतो. टोकियो रात्रभर जागं असतं हे खरं, पण ते रामेनसाठी, म्हणजे सूपातल्या शेवयांसाठी, आणि बिअरसाठी. सुशीवाला सकाळी बाजाराला जाऊन आलेला असतो, त्याला झोप हवी असते.

मी टोकियोतल्या निशि-कासाई या भागात राहते. आता इथे स्टेशनबाहेर कढीपत्ता मिळतो, डोसा मिळतो. 2000 सालाच्या आसपास आपल्याकडची कंप्युटरवाली मंडळी इथे राहायला लागली आणि वस्ती वाढत गेली. त्याआधी कासाई म्हणजे कोळ्यांचं गाव, समोरच्या उथळ समुद्रात नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळायचं समुद्री शेवाळ, पिकवणारं. समुद्र बुजवला, इमारती उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीत एक सुशीचं दुकान आहे, आठ खुर्च्या आणि एक टेबल. ते मला सापडायला चार वर्षं लागली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी दुसरा प्रश्न उरकते, कारण तो न विचारता मनात असतो. माझ्या आईने तो फोनवर सरळ विचारला होता : "रात्री अकराला कच्चा मासा? सकाळचा शिळा नसेल?" आई रेवदंड्याची. कल्ले उघडून पाहिल्याशिवाय बांगड्याला हात न लावणारी. तिचं म्हणणं आपल्या बाजारापुरतं शंभर टक्के खरं आहे. सुशीला मात्र ते तसंच्या तसं लागू होत नाही, हे मलाही उशिरा कळलं.

हाताने दाबलेल्या भातावर मासा ठेवून केलेली सुशी टोकियोत जन्मली, तेव्हा या शहराचं नाव एदो होतं. 1820 च्या दशकात हानाया योहेई नावाच्या माणसाने ती विकायला सुरुवात केली असं मानतात. रस्त्यावरच्या गाडीवर उभ्याने खायचा पदार्थ, आपल्या वडापावच्या जातकुळीतला. बर्फ नाही, फ्रिज नाही. मग मासा टिकणार कसा? त्याला मिठात मुरवायचा, व्हिनेगरमधून काढायचा, सोया सॉसमध्ये बुडवून ठेवायचा, नाहीतर उकडायचा. आजही जुन्या वळणाच्या दुकानात कोहादा हा तारलीच्या कुळातला लहान मासा मीठ-व्हिनेगर लावून ठेवतात आणि तो बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. साबा म्हणजे बांगड्याचा चुलतभाऊ, त्याचंही तसंच. आनागो, म्हणजे आपल्या वामेसारखा मासा, शिजवून वर दाट गोडसर रस लावून देतात. टुना, ज्याला आपल्याकडे कुपा म्हणतात, तो दूरच्या समुद्रात पकडला असेल तर उणे साठ अंशांवर गोठवून बंदरात आलेला असतो. पांढरा मासासुद्धा कापल्या कापल्या वाढण्यापेक्षा थोडा ठेवून वाढला तर चव जास्त खुलते, असं बरेच कारागीर मानतात. म्हणजे सकाळचा मासा रात्री अकराला खाल्ला तर त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं.

रात्री बिघडतो तो भात.

हे कुठल्या माहितीपत्रकात दिसत नाही, पण भात खाणाऱ्याला सांगावं लागू नये. सुशीचा भात, शारी, शिजला की पसरट लाकडी भांड्यात काढतात. गरम असतानाच त्यात व्हिनेगर, मीठ, साखर कालवतात, वारा घालतात आणि अंगाच्या उबेइतका कोमट झाला की झाकून ठेवतात. त्यानंतर त्याचे चांगले तास मोजकेच. रात्री दहाला दुकानदारापुढे दोन वाटा असतात. एक तर पुन्हा थोडा भात लावायचा, नाहीतर संध्याकाळचाच ओढत न्यायचा. दुसरी वाट धरणारं दुकान पहिल्या घासात कळतं. भात गार, कडेने कोरडा, चावावा लागणारा. चांगला असेल तर तळहाताइतका उबदार लागतो आणि तोंडात आपोआप सुटतो. शिळ्या भाताचा फोडणीचा भात होतो, सुशी होत नाही. नोरीचंही पाहून घ्यावं. गुंडाळी खाताना ती कुरकुरीत तुटली पाहिजे. सादळलेल्या पापडासारखी ओढली जात असेल तर दोन तुकडे खाऊन, चहा पिऊन, बिल मागावं आणि बाहेर पडावं. इथे त्याचा कोणी राग मानत नाही.

बाहेरून ओळखायच्या खुणा म्हणाल तर पहिली नोरेन, म्हणजे दारावरचा कापडी पडदा. तो बाहेर लटकत असेल तर दुकान उघडं. आत घेतला असेल तर दिवे कितीही लागलेले असोत, दार सरकवू नका. दुसरी, दर दिसले पाहिजेत. साध्या दुकानात दहा-बारा तुकड्यांचे ठरलेले संच असतात : नामि, जो, तोकुजो. साधा, वरचा, त्याहून वरचा. भूक लागलेल्या नवख्या माणसाने मधला मागवावा आणि गप्प बसावं. भिंतीवर माशांच्या नावांपुढे आकड्याऐवजी 'जिका' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'आजच्या बाजारभावाने'. पहिल्या वर्षी मला तो शब्द वाचता येत नव्हता. एका दुकानात मी उनि, म्हणजे समुद्री साळिंदराचा नारिंगी गर, दोनदा मागवला, कारण पहिल्यांदा फार आवडला. बिल महिन्याच्या किराण्याएवढं आलं. दुकानाने काही फसवलं नव्हतं. भिंतीवर लिहिलेलंच होतं.

तिसरी खूण माझी आवडती. काउंटरवर किंवा फळ्यावर आजच्या माशांची हाताने लिहिलेली यादी असते. रात्री अकराला त्यातल्या निम्म्या नावांवर काट मारलेली असेल तर बसा. सगळी नावं शाबूत असतील तर मी जरा सावध होते. एवढ्या रात्रीपर्यंत काहीच कसं संपलं नाही? आमच्या गल्लीतला ताइशो, म्हणजे काउंटरमागचा मालक, मी दार सरकवलं की आधी काय नाही ते सांगतो. "आजि मासा संपला, इका (माकूल) संपला, तीनच गोष्टी चांगल्या आहेत." आईची एक ठरलेली कोळीण होती. टोपलीत मासा असूनही ती कधीकधी म्हणायची, "आज नको घेऊ गो, उद्या ये." आई आयुष्यभर तिच्याकडूनच घेत राहिली. मला हा ताइशो त्याच टोपलीमागे बसलेला वाटतो, फक्त पांढरी टोपी घालून.

आता तुम्ही म्हणाल, पट्ट्यावर सुशीच्या बशा फिरवणाऱ्या दुकानांचं काय? जरूर जा, पण ती वेगळी मजा. शिराइशी योशिआकि नावाच्या दुकानदाराने बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावर सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि 1958 मध्ये ओसाकाशेजारच्या हिगाशि-ओसाकात पहिलं तसं दुकान काढलं. हल्ली बऱ्याच ठिकाणी बशा फिरतच नाहीत. 2023 च्या सुरुवातीला पट्ट्यावरच्या अन्नाशी चाळे करणाऱ्या पोरांचे व्हिडिओ पसरले, त्यानंतर अनेकांनी ते बंदच केलं. समोरच्या स्क्रीनवर बोट लावायचं, बशी थेट तुमच्यापुढे येऊन थांबते. मुलं सोबत असतील, जपानी येत नसेल, दर डोळ्यांपुढे हवा असेल तर यासारखं सुख नाही. सॅल्मनही तिथे पोटभर मिळतो. जुन्या वळणाच्या दुकानात तो मागू नका. कच्चा सॅल्मन इथे रुजवला तो नॉर्वेवाल्यांनी, 1980 च्या दशकात, आणि काही म्हातारे कारागीर अजून त्याला सुशी मानत नाहीत. पण ही पट्ट्यावरची दुकानंही बहुतेक अकराच्या सुमारास आवरतात. अगदीच उशीर झाला तर त्सुकिजीची, म्हणजे टोकियोच्या जुन्या मासळीबाजाराची, बाहेरची गल्ली. तिथलं 'सुशीझानमाई' 2001 मध्ये निघालं तेच चोवीस तास उघडं राहणारं दुकान म्हणून. 2019 च्या जानेवारीत एका टुनासाठी तेहतीस कोटी येनांहून जास्त मोजणारे ते हेच. फक्त शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात जाते आणि रात्री दहानंतर टॅक्सीला वीस टक्के जास्त पडतात. सुशी स्वस्त आणि घरी जाणं महाग, असा हिशोब होतो. म्हणून माझं पहिलं उत्तर नेहमी एकच असतं : जिथे राहताय तिथून पायी परत येता येईल असं दुकान.

आणि जाण्याआधी फोन. "मादा दाइजोबु देस का?" एवढंच. अजून चालेल का? शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी असते, म्हणून बारापर्यंत उघडं असलेल्या दुकानात पावणेबाराला पोचून उपयोग नाही.

गेल्या जूनमध्ये माझा मामेभाऊ आणि वहिनी आले होते. रात्री साडेदहा, ठरलेला मेसेज. मी ताइशोला फोन केला, तो म्हणाला या, एकपर्यंत आहे. काउंटरवर बसल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं, आज गुरुवार. मी खात नाही."

सुशीच्या काउंटरवर हे वाक्य जपानीत कसं सांगायचं? मी सांगितलं, आज यांचा मासे न खाण्याचा वार आहे. ताइशोने मान हलवली, दुसरी पाटी काढली, दुसरी सुरी काढली. काकडीची काप्पामाकि, पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची ओशिन्कोमाकि, खारवलेलं उमे हे आंबट फळ आणि शिसोचं पान घातलेली एक. वहिनींना उमे एकदम पसंत पडलं, खारातल्या आवळ्याचा भाऊ म्हणाल्या. अंड्याला आणि सूपला मी नको म्हटलं. दोन्हींत सहसा वाळवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क असतो, आणि काम्प्यो नावाच्या भोपळ्याच्या पट्ट्याही बऱ्याचदा त्यातच शिजवतात. शाकाहारी पाहुण्याला हे आधीच सांगा, नंतर सांगण्यात अर्थ नाही.

दादा शेजारी बसून आनागो खात होता. वहिनी आल्याचे काप खात होत्या आणि आनागोकडे पाहत होत्या. भिंतीवर बारा वाजून पाच मिनिटं झाली.

"शुक्रवार लागला," वहिनी म्हणाल्या.

"आपला वार सूर्योदयाला बदलतो," दादा म्हणाला. "आणि घरी तर अजून गुरुवारच आहे. साडेआठ वाजलेत."

वहिनींनी मला विचारलं, इथे उजाडतं कधी? जूनमध्ये साडेचारच्या आत, मी म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं. चार तास आणि वर थोडं. "हं," म्हणाल्या, आणि चहाचा पेला पुन्हा पुढे ओढला. ताइशोने नुसतं पाहिलं. भांड्यात दोन घासांचा भात उरला होता, तो त्याने झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. यावेळी मेसेज वहिनींचा होता : "आज शुक्रवार. दुकान उघडं असेल?" मी ताइशोला फोन लावला आणि आधी भाताचं विचारलं.