सिंकखालचा ड्रॉवर

पहिली दोन वर्षं माझ्या इन्स्टाग्रामवर एकही खरं घर नव्हतं. सगळे थ्रीडी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं. पडद्यातून झिरपणारं सकाळचं ऊन, सोफ्यावर अलगद टाकलेली शाल आणि कुठे एक वायर दिसेल तर शपथ. लाइक्स भरपूर यायचे. एकदा निवांत बसून नावं बघितली, तर बहुतेक सगळे माझ्यासारखेच डिझायनर नाहीतर इंटिरियर शिकणारी मुलं. घर करून घेणारं त्यात कोणी नाही.

मग एक बाई भेटायला आल्या. टॅबवर सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण यातलं बांधून झालेलं कोणतं?" कामं तर पूर्ण झाली होती, पण त्यांचे धड फोटोच नव्हते. हँडओव्हरच्या गडबडीत मोबाइलवर काढलेले चार तिरके, तेवढेच. त्यांनी काम दुसरीकडे दिलं. मीही तेच केलं असतं.

त्यानंतर जुन्या क्लायंटना फोन करून अर्धा-अर्धा दिवस मागून घेतला आणि फोटोग्राफर नेला. त्याने आल्याआल्या घरातले सगळे दिवे बंद केले. माझा जीव खालीवर, इतकं खपून केलेलं लायटिंग! पण पिवळा दिवा आणि खिडकीतला निळसर उजेड एकत्र आला की कॅमेऱ्यात भिंतीचा रंगच खोटा दिसतो, हे तेव्हा कळलं. दिव्यांचे फोटो अंधार पडायच्या सुमारास वेगळे घेतले. फार वाइड लेन्सही त्याने लावली नाही. तसल्या लेन्सने खोली मैदानाएवढी वाटते आणि कडेची खुर्ची रबरासारखी ताणली जाते. क्लायंट प्रत्यक्ष घर बघायला गेला की पितळ उघडं.

तरी चौकशी आणली ती या देखण्या फोटोंनी नाही. सिंकखालचा एक ड्रॉवर आहे, पाइपाला वळसा घालून यू आकारात कापलेला. त्याचं माप आम्ही पहिल्यांदा चुकलो होतो. पाइप कापात नीट बसला, पण ड्रॉवर मागे पूर्ण सरकेना, कारण खालचा बॉटल ट्रॅप (सिंकच्या पाइपाला लागलेला बाटलीसारखा फुगीर भाग) आम्ही धरलाच नव्हता. सुतार माझ्याकडे बघतोय, मी सुताराकडे. त्या ड्रॉवरचा फोटो टाकला आणि खाली हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. लाइक्स मोजकेच आले, पण लोकांनी पोस्ट सेव्ह केली, घरच्यांना पाठवली आणि तिघांनी मेसेज केला, "आमच्याकडेही सिंकखालची जागा अशीच वाया जाते." त्यातली दोन कामं मिळाली. तेव्हापासून 'मिनिमल, वॉर्म, टाइमलेस' असलं काही लिहायचं सोडलं.

जाहिरातीत पैसे घालून बघितले. 'स्क्वेअर फुटाचा रेट काय?' यापलीकडे संभाषण गेलं नाही.

गूगलवरच्या रिव्ह्यूंचा मात्र उपयोग होतो. फक्त हँडओव्हरच्या दिवशी मागू नये, त्या दिवशी माणूस धुळीला आणि शेवटच्या बिलाला वैतागलेला असतो. मी तीन महिन्यांनी दरवाजांच्या बिजागऱ्या जुळवायला जाते, तेव्हा विचारते. बदल्यात सवलत वगैरे देत नाही, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि फोटो वापरायची परवानगी आता करारातच लिहून घेते. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो आणि दारावरची पाटी शूटच्या आधी आठवणीने काढते.

पुढच्या आठवड्यात तीन वर्षं वापरातलं एक किचन शूट करायचंय. काल बघून आले. ट्रॉल्या अजून लोण्यासारख्या सरकतात, पण सिंकजवळच्या कपाटाच्या दाराचा एजबँड, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, एका कोपऱ्यात सुटलाय. आधी चिकटवून घेऊ की आधी फोटो काढू, अजून ठरत नाहीये.