महाभोपळ्याची वाट बघणारा लायनस

ऑक्टोबर लागला की इथे कॅलिफोर्नियात जिकडे बघावं तिकडे भोपळे. किराणा दुकानांच्या दाराशी ढीग, घरांच्या पायऱ्यांवर ओळी. हाफ मून बे नावाचं समुद्रकाठचं गाव तर भोपळ्यांसाठीच ओळखलं जातं. २०२३ साली तिथल्या स्पर्धेत तब्बल १,२४७ किलोचा भोपळा काट्यावर चढला आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. असे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की कुणीतरी हमखास विचारतं, "हे भुताखेतांचं काय खूळ गं तुमच्याकडे?" त्यावर मी हॅलोविनचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या या भोपळ्या-भुतांच्या सणाचा, इतिहास सांगत बसत नाही. जेमतेम पंचवीस मिनिटांचा एक कार्टूनपट बघा म्हणून सांगते.

'इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन' हे त्याचं नाव. २७ ऑक्टोबर १९६६ रोजी सीबीएस वाहिनीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही चित्रमालिका १९५० पासून वर्तमानपत्रांत येत होती; चार्ली ब्राउन हा मुलगा तिचा नायक. स्नूपी नावाचा कुत्रा आपल्याकडे टी-शर्टांवरून माहीत आहे, तो त्यातलाच. कथा शुल्झ यांची, दिग्दर्शन मूळचे मेक्सिकोचे बिल मेलेंडेझ यांचं आणि संगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जॅझ पियानोवादक विन्स ग्वाराल्डी यांचं.

गोष्ट अशी. लायनस नावाच्या लहानग्याची पक्की श्रद्धा आहे की हॅलोविनच्या रात्री मळ्यातून एक महाभोपळा उगवतो, आकाशात उडतो आणि मुलांना खेळणी वाटतो. नाताळच्या सांताक्लॉजचं सगळं त्याने भोपळ्याला बहाल केलंय. पण अट एकच, आणि ती मला फार आवडते: महाभोपळा कुठल्याही मळ्यात येत नाही. जो मळा सगळ्यात सच्चा असेल, जिथे ढोंगाचा लवलेश नसेल, तोच तो निवडतो. म्हणून लायनस त्याला पत्र लिहितो. सगळे हसतात. थोरली बहीण ल्यूसी तर ठोसा लगावण्याची धमकी देते, पत्र पेटीत टाकायलाही नकार देते. पेटी उंच, लायनसचा हात पोचत नाही. मग तो आपलं सदैव जवळ असलेलं निळं पांघरूण झटक्यात वर फेकतो, त्यानेच पेटीचं झाकण उघडतो आणि पत्र आत पोचवतो. दोन-चार सेकंदांचा प्रसंग, पण पोराचा निर्धार त्यात पुरता दिसतो.

हॅलोविनला इथली मुलं सोंगं घेऊन दारोदार जातात. दारावरचा दिवा चालू असेल तर बेल वाजवायची, बंद असेल तर पुढे चालू लागायचं, हा सगळ्यांना ठाऊक असलेला संकेत. पिशवी पुढे करायची, गोळ्या-चॉकलेटं घ्यायची, थँक यू म्हणायचं. अनोळखी माणसाच्या दारात मुलांनी बिनधास्त जावं, असा या देशात वर्षातला हा जवळजवळ एकच दिवस. एरवी शेजाऱ्याकडे जायचं तर आधी मेसेज करावा लागतो. त्यामुळे मला हा सण परका वाटत नाही. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे अभ्यंगस्नान झालं आणि संध्याकाळी आमच्या दारात पणत्यांशेजारी कोरलेला भोपळा उजळला. बेल वाजवणाऱ्या पोरांना दोन्ही दिवे सारखेच आवडले.

लायनस मात्र त्या रात्री गोळ्या मागायला जात नाही. तो मळ्यात बसून राहतो. चार्ली ब्राउनची धाकटी बहीण सॅली, जिचा लायनसवर भारी जीव, तीही सगळं सोडून त्याच्याशेजारी बसते. इकडे चार्ली ब्राउनने भुताचं सोंग घेतलंय, पण कात्री नीट न चालल्यामुळे चादरीला भोकंच भोकं. दर घरानंतर मुलं पिशवीत डोकावतात: कुणाला चॉकलेट, कुणाला च्युइंगगम, चार्ली ब्राउनला दगड. पुढच्या घरीही दगड. पहिल्या प्रक्षेपणानंतर देशभरातल्या मुलांनी चार्ली ब्राउनसाठी गोळ्या पाठवल्या होत्या. मला याचं नवल वाटत नाही. माझ्या लेकीनेही पहिल्यांदा बघताना, कोण आहेत ही दगड देणारी माणसं, असं रडवेल्या आवाजात विचारलं होतं. ती माणसं पडद्यावर दिसतच नाहीत. अख्ख्या चित्रपटात एकही मोठं माणूस नाही. मुलांचं दुःख मुलांनीच निस्तरायचं.

आणि महाभोपळा येत नाही. मळ्यात एक सावली उठते, लायनस आनंदाने बेशुद्ध पडतो, पण तो असतो पहिल्या महायुद्धातला वैमानिक झालेला स्नूपी. सॅली खवळते, आपला हॅलोविन वाया घालवल्याबद्दल लायनसला फैलावर घेते आणि निघून जाते. आजच्या मुलांच्या बहुतेक चित्रपटांत शेवटच्या पाच मिनिटांत महाभोपळा आला असता, सगळ्यांनी लायनसची माफी मागितली असती. शुल्झ यांनी तसं केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मुलांना निराशा पेलते. तिच्याकडे सरळ बघू देणारं कुणीतरी हवं असतं.

पण लायनसला वाऱ्यावरही सोडलेलं नाही. दारोदार गोळ्या मागताना ल्यूसी, चारचौघांत लाज वाटत असूनही, मळ्यात बसलेल्या येड्या भावासाठी एक जास्तीची मागून घेते. हे पहिल्यांदा बघताना सहज निसटतं. मग पहाटे चारला तिला जाग येते, भावाचा पलंग रिकामा दिसतो. ती कोट चढवून मळ्यात जाते. लायनस पांघरुणात कुडकुडत झोपलेला. ती त्याला धरून घरी आणते, बूट काढते, अंगावर पांघरूण घालते. एक शब्द नाही. दिवसभर टोमणे मारणारी हीच ती ताई. हॅलोविनच्या आगेमागे आमच्याकडे बहुतेकदा भाऊबीज येते आणि दरवर्षी त्या दिवशी मला ल्यूसी आठवते.

एका गोष्टीसाठी मोठ्या पडद्याचा आग्रह धरेन: आकाश. मुलं सोंगं घेऊन बाहेर पडतात तेव्हा मागचं आकाश जलरंगात रंगवलेलं आहे, जांभळं, हिरवट, कुठे केशरी. सोबत ग्वाराल्डींचा पियानो आणि बासरी.

हा चित्रपट २००० पर्यंत सीबीएसवर आणि २००१ पासून २०१९ पर्यंत एबीसीवर वर्षातून एखाद-दोनदा लागायचा. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, चुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, म्हणून त्या संध्याकाळी कुणी घराबाहेर नसायचं. आपल्या रविवार सकाळच्या 'रामायणा'सारखंच. २०२० मध्ये तो ॲपल टीव्ही या पैसे भरून बघायच्या ऑनलाइन सेवेकडे गेला तेव्हा लोक इतके नाराज झाले की २०२१ मध्ये तो पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवरही दाखवावा लागला. मलाही तो सगळ्यांना फुकट दिसायला हवा असंच वाटतं.

संवाद इंग्रजीत असले तरी सोपे आहेत. मुलांना अधूनमधून अर्थ सांगितला की पुरतं. फक्त ल्यूसी खोलीतून गेली की बंद करू नका. दुसऱ्या दिवशी चार्ली ब्राउन आणि लायनस भिंतीला टेकून उभे असतात. मूर्खपणा मीही खूप केलाय, असं म्हणत चार्ली ब्राउन त्याची समजूत काढायला जातो, आणि लायनस भडकतो. पुढच्या वर्षी बघ, याहून सच्चा मळा शोधतो की नाही, महाभोपळा येतो की नाही! श्रेयनामावली सुरू होते तरी त्याचं बोलणं चालूच असतं.