केमोच्या दोन डोसांमधले २१ दिवस

कॅन्सरसाठी केमो (केमोथेरपी) सुरू झाली की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. गव्हांकुराचा रस घ्या, लक्ष्मणफळाचा काढा घ्या, साखर बंद, दूध बंद. यातलं काय ऐकायचं ते ठरवायला एक कसोटी पुरते: यामुळे पुढचा डोस ठरल्या तारखेला आणि पूर्ण मात्रेत मिळायला मदत होईल का? डोस लांबतो तो बहुतेक वेळा काउंट (रक्तपेशींची संख्या) उतरल्यामुळे, लिव्हरचे आकडे चढल्यामुळे, तोंड आल्यामुळे, नाहीतर खाणं तुटून पेशंट खचल्यामुळे.

म्हणून सगळ्यात आधी प्रथिनं. केमो चालू असताना किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.) दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट वरण १२, दोन ग्लास दूध १३, मूठभर शेंगदाणे ७, तीन पोळ्या ९. एवढं सगळं पोटात गेलं तरी बेरीज जेमतेम ७१ होते. आता यातून ‘दूध बंद, अंडी बंद’ करून बघा. पेशंटला मऊ भात आणि फळांच्या रसावर ठेवणारी घरं प्रेमाने वागतात, पण अशाने स्नायू झडतात. भूक नसेल तर ताट वाढून आग्रह करू नये. दर दोन तासांनी थोडं द्यावं. पिठलं, मुगाचं धिरडं, दाण्याचं कूट घातलेलं दही, दुधात कालवलेलं सातूचं पीठ. केमोच्या दिवशी मात्र पेशंटचा आवडता पदार्थ मुद्दाम करू नये. त्या दिवशी उलटी झाली की त्या पदार्थाची शिसारी पुढे कित्येक महिने टिकते.

पहिले दोन-तीन दिवस उलटीसाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे झोप उडते आणि मधुमेह असेल तर साखर चढते. ती गोळी सकाळी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावं. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर या दिवसांत फ्रिजचं पाणी नको आणि फ्रिजमधली भांडीही उघड्या हाताने काढू नयेत. बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात.

२१ दिवसांच्या बऱ्याच सायकलींमध्ये (सायकल म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा काळ) जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात. बीट-डाळिंबाच्या रसाने त्या वर येत नाहीत. अस्थिमज्जा तिच्या वेळेने सावरते, गरज वाटली तर डॉक्टर इंजेक्शन देतात. घरच्यांनी या आठवड्यात स्वच्छता सांभाळायची: कच्ची मोड आलेली कडधान्यं नकोत, त्यांची शिजवलेली उसळ चालते, बाहेरची कापलेली फळं आणि पाणीपुरी नको, घरी धुऊन, सोलून खाल्लेलं केळं-संत्रं चालतं. तोंडासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

आता काढे आणि कॅप्सूल. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात, त्यामुळे आकडे चढले की डोस अडलाच. फोडणीतली हळद बिनधास्त खावी. पण मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलने टॅमॉक्सिफेनचं (स्तनाच्या कॅन्सरवरच्या गोळीचं) रक्तातलं प्रभावी रूप कमी होतं. जी पावडर, जी बाटली चालू असेल ती पिशवीत घालून ऑन्कॉलॉजिस्टच्या (कॅन्सरच्या डॉक्टरांच्या) टेबलावर ठेवावी. ते रागावतील म्हणून लपवण्यात तोटा आपलाच. तंबाखू, मिश्री, सुपारी याबद्दल चर्चा नको, बंद.

व्यायामाचा पुरावा मात्र चांगला भक्कम आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटपैकी निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता जगणारे पहिल्या गटात सुमारे ८० टक्के होते, दुसऱ्यात ७४. हे सगळे ऑपरेशन आणि केमो पूर्ण करून आलेले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना नेमकं हेच वाक्य गळतं.

केमो चालू असताना सुरुवात घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं दोनदा चालण्याने करावी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अर्धा तास जमला तर उत्तम. वेग असा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. सोबत हात न टेकता खुर्चीतून आठ-दहा वेळा उठणं. हिमोग्लोबिन ८ च्या खाली किंवा प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली असतील तर आधी विचारावं, आणि आजार मणक्यात पसरला असेल तर पुढे वाकण्याची आणि पिळाची आसनं करू नयेत.