हलक्या गाडीला ब्रेकची डिस्क कोणती? माझ्या मारुती झेनचा हिशोब

कोइमतूरच्या रेस ट्रॅकवरून गाडी टेम्पोवर टाकून परत आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या गॅरेजमधे पुढची चाकं काढली आणि डाव्या डिस्कवर केसाएवढी चीर दिसली. एका भोकातून निघून शेजारच्या भोकापर्यंत गेलेली. आप्पांनी तिच्यावरून नख फिरवलं, नख अडकलं, त्यांनी काही न बोलता डिस्क काढून बाजूला ठेवली. नख अडकलं की डिस्क भंगारात, यावर चर्चा नाही.

ही भोकंवाली डिस्क मीच हौसेने मागवलेली, एका ऑनलाइन दुकानातून. फिटिंगच्या दिवशीच आप्पा म्हणाले होते, "गरम ते लोखंडच व्हस ना भाऊ, मंग तेच कमी काबर करी ऱ्हायना तू?" म्हणजे तापतं ते लोखंडच, मग तेच कमी का करतोयस. मी तेव्हा त्यांना भोकांमुळे हवा कशी खेळते वगैरे समजावत बसलो. आज लिहितोय ते त्या एका वाक्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते, कारण आपल्याकडे धुळे-जळगावची बरीच पोरं जुनी झेन, जुनी स्विफ्ट हलकी करून ट्रॅकवर न्यायला लागलीत आणि सगळ्यात आधी पैसे चकचकीत डिस्कवर घालवतात.

माझी गाडी जुनी ९९३ सीसी झेन. मागची सीट, एसी, कार्पेट सगळं काढलंय, मी आत बसलो की साधारण ८०० किलो. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, गाडीला दम खायला जागा कमी आणि ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो. चौथ्या लॅपला पेडल खाली जायला लागायचं. मला वाटलं डिस्क कमी पडतेय.

इथेच पहिली चूक. ब्रेक जातो म्हणजे काय होतं ते आधी नीट बघायला पाहिजे होतं. पेडल मऊ पडून खाली जातंय तर ब्रेक ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि तुम्ही ते बुडबुडे दाबताय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही तर डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तापून घसरतायत. माझं पहिलं होतं. आणि गाडीत ऑइल कुठलं तर कधी काळी भरलेलं डॉट ३ ग्रेडचं! नवं डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत टिकायला पाहिजे असा नियम आहे, पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरल्यावर तीच हद्द १४० वर येते. डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. म्हणजे काही शे रुपयांच्या ऑइलने जे काम झालं असतं त्यासाठी मी हजारो रुपयांच्या डिस्क घेतल्या. (फक्त डॉट ५ वेगळं, ते सिलिकॉनचं असतं, यांच्यात मिसळायचं नाही.)

आता डिस्कचा हिशोब, हा मी वहीत मांडला तेव्हा आप्पांचं वाक्य खरं समजलं. ८०० किलोची गाडी १३० वरून ६० वर आणायची म्हणजे साधारण ४१० किलोज्यूल उष्णता. थोडी हवेत आणि इंजिनात जाते ती सोडून देऊ, ब्रेकवर आली त्यातली ७० टक्के पुढे धरली तर एका पुढच्या डिस्कला १४३. लोखंडाच्या एका किलोला एक डिग्री तापवायला साधारण अर्धा किलोज्यूल लागतो. डिस्क ३ किलोची असेल तर एका ब्रेकिंगला ती ९५ डिग्रीने तापणार, साडेचार किलोची असेल तर ६४ ने. पुढच्या कॉर्नरपर्यंत थोडी निवते आणि परत तेच. डिस्क म्हणजे उष्णता साठवायची टाकी आहे, आपण तिला भोकं पाडून टाकीच लहान करतो. काकांच्या सावद्याच्या केळीच्या वखारीत इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तिथे दोन्ही डिस्क ठेवून बघितल्या, भोकंवाली दोनशे ग्रॅम हलकी भरली.

भोकांची पद्धत जुन्या काळातल्या पॅडसाठी होती, तेव्हाचे पॅड तापले की गॅस सोडायचे आणि तो निघायला वाट लागायची. आताच्या पॅडला त्याची फारशी गरज नाही. उलट प्रत्येक भोकाच्या काठावर ताण जमा होतो, तापणं-निवणं तापणं-निवणं चालू असतं आणि चीर तिथूनच सुटते. खाचा असलेल्या म्हणजे स्लॉटेड डिस्क त्या मानाने बऱ्या, पॅडचा तोंडावरचा थर साफ होत राहतो, पॅड थोडे लवकर झिजतात एवढंच. पण माझं मत विचाराल तर हलक्या गाडीला साधी, सपाट तोंडाची, मधे पोकळी असलेली व्हेंटिलेटेड डिस्क. बस.

मोठी किती घ्यायची? इथे पोरं वाहवत जातात. डिस्क मोठी केली म्हणून एका ब्रेकला गाडी लवकर थांबत नाही, चाक लॉक करण्याइतका जोर जुन्या ब्रेकमधे पण होता, पुढे सगळं टायरवर आहे. मोठी डिस्क दहाव्या वेळेला पण पहिल्यासारखा ब्रेक मिळावा म्हणून. आणि हलक्या गाडीत ती अती मोठी झाली तर नुसतं चाकाला वजन लटकतं, ते सस्पेंशनच्या खालचं वजन, शिवाय फिरवायचं पण वजन, आणि रेसिंग पॅडना लागते तेवढी डिस्क तापतच नाही. लोटसने १९९६ च्या एलिसमधे याचंच टोक गाठलं होतं, सव्वासातशे किलोच्या आसपासची गाडी आणि डिस्क चक्क ॲल्युमिनियमच्या, सिरॅमिकचे कण मिसळलेल्या. पुढे तीच गाडी कास्ट आयर्नवर आली. आपल्याला तर कास्ट आयर्नच, स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि लेथवाल्याला ओळखीचं.

माझ्या १३ इंची रिममधे जे बसेल तिथे मी थांबलो. आधी पुठ्ठ्याचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) कापून रिमच्या आत फिरवून बघितला, मग एका मोठ्या गाडीची व्हेंटिलेटेड डिस्क आणि तिचाच कॅलिपर घेतला, कारण जाड डिस्क जुन्या कॅलिपरमधे मावत नाही. बघायच्या गोष्टी म्हणजे पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक, टोपीची म्हणजे डिस्कच्या मधल्या उंचवट्याची उंची, आणि कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास. हा शेवटचा कोणी बघत नाही! पिस्टन फार मोठा घेतला तर पेडल लांब जातं आणि ब्रेकचा सगळा भार पुढे सरकतो, मागे आपले ड्रम ब्रेक आहेत ते नुसते बघत बसतात, पुढची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी उलट उशिरा थांबते. म्हणून व्यास जुन्याच्या जवळचा धरला. मधलं भोक दोन मिलिमीटर मोठं होतं, त्याला अवधान एमआयडीसीतून रिंग टर्न करून आणली. बोल्टची भोकं नव्याने पाडायला मी साफ नाही म्हटलं, स्वस्तात होतं म्हणून करू नका.

अजून एक. पोकळीतल्या पट्ट्या वाकड्या असतील तर डाव्या-उजव्या डिस्क वेगळ्या असतात. डिस्क पुढे फिरताना पट्ट्या मधून बाहेर जाताना मागे झुकलेल्या पाहिजेत, तरच ती मधली हवा ओढून बाहेर फेकते. तोंडावरच्या खाचा बघून दिशा ठरवायची नाही, आतल्या पट्ट्या बघायच्या.

बसवताना आप्पांनी हबचं (डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतं त्याचं) तोंड तारेच्या ब्रशने घासून अगदी पांढरं केलं, अर्धा तास तेच. मग डिस्क किती डोलते ते बघायला डायल गेज लावून ती हाताने हळूहळू फिरवली. पहिल्यांदा काटा ०.०९ मिलिमीटर हलला, आप्पांनी डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून परत बसवली, मग ०.०४. तेव्हा कुठे ते हसले. डिस्क वाकली, स्टेअरिंग थरथरतं असं आपण म्हणतो ना, बऱ्याचदा ती वाकलेली नसतेच, पॅडचा थर एका जागी जास्त चिकटून जाडी कमीजास्त झालेली असते, आणि त्याची सुरुवात अशा हब घासायच्या आळसातून होते. किंवा तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिल्यामुळे. कन्नड घाट उतरून आल्यावर गाड्यांच्या लायनरचा जो वास येतो तो सगळ्यांना माहितीये, तसा वास येत असताना ब्रेक दाबून थांबू नका, गाडी सावकाश चालवत निववा.

नवे पॅड डिस्कवर घासून जमवायला पहाटे पाचला निघालो, मागे-पुढे कोणी नाही असा सरळ रस्ता, ८० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता हळू. डिस्कवर एकसारखी राखाडी झाक आली की झालं.

मग परत कारीला गेलो, नवं डॉट ४, ट्रॅकचे पॅड आणि ही साधी डिस्क. सात लॅप सलग मारले, सातव्याला पेडल पहिल्यासारखंच वर होतं. पिटमधे येऊन मी पहिला फोन आप्पांना लावला, ते म्हणाले जाडी मोजून आण.

मोजली. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्यापेक्षा अजून पावणेदोन मिलिमीटर जास्त आहे. आता बंपरमधून एक पाइप आणायचाय, त्याचं तोंड डिस्कच्या मध्यावर, जिथून ती हवा ओढते तिथे, डिस्कच्या सपाट बाजूवर नाही, कारण एकाच बाजूने गार झाली तर परत ताण येतो. ब्रॅकेटचं माप आप्पांनी खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.