पाचवं चाक आधी : आमची वाटचाल

बाबांनी १९९१ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावर, रबाळ्याजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि भाड्याने घेतलेला हवेचा कॉम्प्रेसर. खटाव तालुक्यातून मुंबईकडे आलेला माणूस. आधी ट्रकवर क्लीनर होते, तिथेच टायरचं काम हाताला लागलं. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल नेणारे ट्रक हेच गिऱ्हाईक. तेव्हा ट्रकच्या टायरात ट्यूब, ट्यूबखाली फ्लॅप आणि चाकाला लोखंडी रिंग असायची. ती रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना उडते, आणि समोर असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. बाबा चाकाला साखळी गुंडाळल्याशिवाय हवेची नळी लावत नसत. ड्रायव्हर घाई करायचे, आवाज चढवायचे. बाबा साखळी आवळत राहायचे.

आयटीआय करून मी २००६ मध्ये त्यांच्या हाताखाली आलो. २००९ मध्ये पतपेढीचं कर्ज काढून घोडबंदर रोडला मानपाड्याच्या बाजूला गाळा घेतला, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगची मशीनं बसवली. रबाळ्याचे आमचे जुने कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, तेही बरोबर आले. हिशेब तेव्हापासून माझी बायको बघते. ट्रक सुटले आणि मोटारी आल्या. पुढची तीन-चार वर्षं कुठल्याही टायरवाल्याची जातात तशीच गेली.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जे घडलं, त्यावर आमचं आजचं दुकान उभं आहे.

कोलशेतचे एक ग्राहक थार घेऊन आले होते. त्या वेळच्या डिझेल फोर-बाय-फोर थारला कंपनीकडून २३५/७० आर १६ टायर यायचे. त्यांना हवे होते २४५/७५ आर १६. आकडे वाचायला सोपे आहेत: पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर आणि नव्याचा ७७४. गाडी दीड-दोन सेंटीमीटरने उचलली जाते, कमानीतली पोकळी भरते, खडकाळ वाटेवर पोट घासत नाही. चार टायर बसवले. पाचव्याचं विचारलं तर म्हणाले, "स्टेपनी राहू दे, पुढच्या वेळी बघू." आणि मी म्हणालो, "चालून जाईल दादा, जवळपासचंच माप आहे." हे वाक्य मी बोललो होतो, ते आजही मला खटकतं.

दहा-बारा दिवसांनी रात्री नऊला त्यांचा फोन. नाणेघाटाकडे गेले होते. वैशाखरेच्या पुढे कच्च्या वाटेवर दगडाने मागचा डावा टायर बाजूने फाडला. सह्याद्रीचा काळा दगड फुटला की त्याची धार कोयत्यासारखी असते. नक्षीत खिळा गेला तर पॅच मारता येतो, बाजूची भिंत चिरली तर टायर गेलाच. त्यांनी जुन्या मापाची स्टेपनी चढवली, चिखलातून फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर मिळेल असा लिव्हर टाकून, बाहेर आले आणि तसेच मुरबाडच्या दिशेने निघाले. पाऊस संपला होता, डांबर कोरडं होतं. टोकावड्याच्या आसपास गाडी जड वाटायला लागली, खालून टकटक आवाज यायला लागला आणि फोर-बाय-फोरचा लिव्हर जागचा हलेना. गाडीत बायको आणि दोन मुलं.

मी आणि मामा पिकअपमध्ये बरोबरच्या मापाचा टायर टाकून निघालो. पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मामांनी आधी काहीच केलं नाही, खिशातून सुतळी काढली. बॅटरीच्या उजेडात ती नव्या टायरभोवती फिरवून गाठ मारली, मग तीच स्टेपनीभोवती धरली. बारा सेंटीमीटर सुतळी लोंबत राहिली. मामांनी ती माझ्यासमोर धरली, बोलले काहीच नाहीत.

बारा सेंटीमीटर म्हणजे दर किलोमीटरला ते छोटं चाक बाकीच्यांपेक्षा वीसेक फेरे जास्त मारतं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये हा फरक मागचं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, सांभाळून घेतं. थोड्या अंतरापुरतं चालतं, डिफरन्शियलचं काम वाढतं एवढंच. पण अशा गाडीत फोर-बाय-फोर टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि त्यांच्यातला फरक सांभाळायला मध्ये काहीच नसतं. चिखलात चाकं थोडी घसरतात, ताण सुटत राहतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही आणि ताण वाढत जातो, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. पिळून ठेवलेल्या ओल्या कपड्यासारखी सगळी यंत्रणा आवळली जाते. मामांनी त्या छोट्या चाकाखाली जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटताक्षणी कोणी हात न लावता झटक्यात फिरलं आणि लिव्हर दोन बोटांनी निघाला.

नंतर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटून देणारी पेटी, उघडावी लागली. अर्धा खर्च आम्ही दिला. ग्राहक मागत नव्हते, पण "चालून जाईल" मी म्हणालो होतो.

तेव्हापासून नियम असा: मोठं माप घ्यायचं तर पाच टायर, नाहीतर आमच्याकडे नाही. बिल सव्वापट होतं. पहिल्या वर्षी बरीच गिऱ्हाइकं उठून शेजारी गेली. बायकोने वही दाखवून विचारलं होतं, हप्ता कसा भरायचा? प्रश्न बरोबर होता. रात्री आठनंतर रिक्षा आणि टेम्पोचे पंक्चर काढून आम्ही ते वर्ष काढलं.

नियमाबरोबर कामाची पद्धतही उलटी झाली. टायर निवडून मग स्टेपनीचं काय ते बघायचं, असं सगळीकडे चालतं. आम्ही आधी स्टेपनीची जागा बघतो. मामांनी सुताराकडून प्लायवूडच्या तीन चकत्या करून घेतल्या आहेत, ७३५, ७७५ आणि ८०५ मिलिमीटर व्यासाच्या, मागे टायरच्या रुंदीएवढ्या पट्ट्या ठोकलेल्या. ज्या गाडीची स्टेपनी पोटाखाली टांगलेली असते, जसं स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर, तिथे चकती वर धरून बघायची. सायलेन्सरला लागते का, बंपरच्या खाली किती उतरते, साखळी पूर्ण वर खेचली तर हलते का. फॉर्च्युनरच्या २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० घेतला तर व्यास २६ मिलिमीटरने वाढतो. ऐकायला किरकोळ आहे, पण पोटाखाली तेवढ्यानेच स्टेपनी तिरकी बसते, आणि तिरकी बसलेली स्टेपनी खराब रस्त्यावर हादरे खाऊन सैल होते. मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांना जागेची अडचण कमी, वजनाची जास्त. मोठा टायर चार-पाच किलोने जड असू शकतो, आणि ते वजन दाराच्या बिजागऱ्यांवर येतं. दार उघडून हाताने वर-खाली हलवून बघा. आधीच खेळ असेल तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

पुढच्या चाकांसाठी मामांची खडूची रीत आहे. टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला खडू फासायचा, एक चाक रॅम्पवर चढवायचं, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. जिथला खडू पुसला गेला, तिथे टायर घासतो. हे आम्ही नमुन्याच्या एका चाकावर करतो, पाच टायरांचे पैसे घेण्याआधी.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठ आठवडे शटर बंद होतं. त्याच जुलैमध्ये केंद्राने नियम बदलला: गाडीत टायर रिपेअर किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर नऊपर्यंत आसनांच्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. शहरातल्या गाडीला ते ठीक असेल. पण किटमधला चिकट द्राव बारीक छिद्र बुजवतो, फाटलेली भिंत नाही. माळशेजकडे, जव्हार-मोखाड्याकडे जाणाऱ्याने किटवर विसंबू नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली आणि आमच्याकडे अशा कामाची रीघ लागली. २०२३ ला जिम्नी आली. तिच्या १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ मागणारे बरेच येतात; व्यास जेमतेम दहा मिलिमीटरने वाढतो, दारावरही बसतो. हे माप मी आनंदाने सुचवतो. २३५/७५ मागितलं की चाळीस मिलिमीटरची गोष्ट होते, सस्पेन्शन उचलायला लागतं, आणि ते काम आम्ही करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलं आहे. माप बदलण्याआधी विमावाल्याशी बोलून घ्या, हेही आम्ही सांगतो.

तरुण मुलं मोठ्या गुटक्यांचा मड टायर मागतात. दिसतो देखणा, चिखलात खरंच ओढतो. पण तुमची गाडी आठवड्याचे सहा दिवस घोडबंदर रोडवर असते. पावसात ओल्या काँक्रीटवर त्या मोठ्या गुटक्यांची पकड कमी, ब्रेक लागायला अंतर जास्त, आवाज तर असतोच. मेट्रो चारच्या कामामुळे इथे वर्षानुवर्षं जे खड्डे पडले, त्यांनी टायरच्या बाजूला फुगे आलेल्या गाड्या आम्ही रोज पाहिल्या. दहातल्या आठ जणांना मी ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा टायर देतो, आणि भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ देत नाही.

पाचवा टायर घेतला की तो दारावर टांगून विसरायचा नाही. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवतो, म्हणजे पाचांची नक्षी सारखी झिजते आणि रात्री-बेरात्री चढवलेली स्टेपनी बाकीच्यांच्या मापाची निघते. टायरच्या भिंतीवरचे चार आकडेही बघा: ३४१९ म्हणजे २०१९ च्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. न वापरलेला टायरही उन्हाने कडक होतो. नक्षी नवीकोरी आणि भिंतीला बारीक भेगा, अशा स्टेपन्या दर आठवड्याला दोन-चार तरी आमच्याकडे येतात.

आज दुकानात आम्ही सहा जण आहोत. बाबा रोज सकाळी दोन तास येऊन बसतात, पोरांना हवा भरताना बाजूला उभं राहायला सांगतात. मामांना आता चकती वर धरायला जमत नाही, ते खाली स्टुलावर बसून कुठे लागतंय ते बघतात. मोठं माप घ्यायचा विचार असेल तर स्टेपनी काढून डिकीत टाकून आणू नका. जशी बसली आहे तशीच ठेवून या, मामांना ती तशीच बघायची असते.