तुम्हाला कोणता दिसतो?

रविवार, रात्री साडेदहा

कार्यशाळेहून घरी आल्यापासून एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे. प्रश्न साधा होता आणि विचारणाऱ्याच्या मनात काहीही वाकडे नव्हते. तरीही मी तो टाळला.

आज सकाळी वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांच्या दालनात तासभर हिंडून प्रत्येक मुलाने एक चित्र निवडायचे, टॅबलेटवर त्याचा फोटो घ्यायचा आणि खाली वर्गात येऊन त्या चित्राचे थर उलगडून पाहायचे, असे ठरले होते. हा भाग मी फार मनापासून आखला होता. लघुचित्रकारही थरांतच काम करीत असत: कागदाचे ताव एकमेकांवर चिकटवून केलेली वसली, तिच्यावर गेरूची पुसट रेखा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, पुन्हा रेखाटन, मग अपारदर्शक रंग, आणि मधून मधून चित्र पालथे घालून अकीकाच्या दगडाने केलेली घोटाई. मुलांच्या टॅबलेटवरही लेअर असतात, पण त्यांना खालचा लेअर हवा तेव्हा उघडून बघता येतो आणि त्या चित्रकाराला तो कायमचा झाकून पुढे जावे लागे. हे सांगितल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी स्टायलस खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिली. ते मला फार आवडले.

ज्याने तो प्रश्न विचारला त्या मुलाने निवडलेल्या चित्रात पुरुषाच्या अंगात मलमलीचा जामा होता. असा जामा रंगवताना आधी अंगाचा रंग भरतात आणि मग त्यावर पांढऱ्याचा इतका विरळ थर देतात की कापड आहे हेही कळावे आणि आतली त्वचाही दिसावी. मी नेहमीप्रमाणे म्हणाले की पांढरा म्हणून जे दिसते ते कुठेच नुसते पांढरे नसते, नीट बघा. त्याने टॅबलेटवरचा कलर पिकर, म्हणजे रंगाचे आकडे दाखवणारे साधन, जाम्यावर टेकवला आणि लगेच सांगितले, "मॅडम, खरंच नाहीये पांढरा. लाल 178, हिरवा 181, निळा 196. निळसर राखाडी आहे." मग माझ्याकडे बघून त्याने विचारले, "तुम्हाला कोणता दिसतो?"

मी म्हणाले, "चला, पाचच मिनिटं राहिलीत, सगळ्यांनी फाइल सेव्ह करा."

दुपारभर मी स्वतःची समजूत घालत होते की मला वाईट वाटले ते त्या आकड्यांमुळे. इंटरमिजिएटच्या मुलांपुढे पांढऱ्या कापडावर अंडी मांडून स्थिरचित्राचे धडे देताना, सावलीतला पांढरा आणि उजेडातला पांढरा यांतला फरक त्यांच्या डोळ्यांना दिसावा म्हणून मी इतकी वर्षे घसा कोरडा केला. काहींना तो दिसायला दोन दोन वर्षे लागली, काहींना कधीच दिसला नाही. आणि इथे बोट टेकवल्याबरोबर उत्तर हातात. बसमध्ये खिडकीशी बसून मी अक्षरशः डोळे पुसले. आपले आयुष्य एका अशा कामात गेले की ज्याची आता कुणाला गरज उरलेली नाही, असे वाटले. नीलाचा फोन आला तेव्हा तिला काही सांगितले नाही.

पण ते कारण खरे नव्हते. आकड्यांना उत्तर माझ्यापाशी होते. कागदावरचे रंग उडू नयेत म्हणून अशा दालनांत उजेड मंद, 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपास ठेवतात. तेवढ्या मंद उजेडात कॅमेरा स्वतःच्या हिशेबाने पांढरा ठरवतो, दिव्याचा पिवळेपणा काढून टाकायला जातो आणि कधी कधी निळ्याकडे झुकतो. त्या मुलाने मोजला तो फोटोतला जामा होता, काचेमागचा नव्हता. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती आणि त्याला ते कळलेही असते, कारण मुलगा हुशार आहे.

मी बोलले नाही, कारण त्याने कॅमेऱ्याविषयी विचारलेच नव्हते. त्याने माझ्याविषयी विचारले होते. आणि वर दालनात, मुले पुढे गेल्यावर, मी त्याच चित्रासमोर एकेक डोळा मिटून उभी राहिले होते. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून त्या डोळ्याला पांढरे स्वच्छ आणि किंचित निळे दिसते, कारण नवे भिंग निळा उजेड अडवत नाही. डाव्यात अजून जुनेच, पिवळसर झालेले भिंग आहे. त्यातून तोच जामा जुन्या हस्तिदंतासारखा दिसला. दोन डोळ्यांचे दोन जामे. वर्षानुवर्षे मुलांची चित्रे तपासताना "इथे पिवळा जास्त झालाय" असे मी जे लिहीत आले, त्यातले शेवटच्या काही वर्षांतले किती खरे होते? हा विचार आला तेव्हा चित्रासमोरच पोटात खड्डा पडला होता आणि नेमक्या त्याच ठिकाणी त्या पोराने बोट ठेवले.

संध्याकाळी गॅलरीत दोरीवर वाळत घातलेल्या पंचाचे मी फोनवर तीन फोटो काढले: सहा वाजता, पावणेसातला आणि ट्यूब लावल्यावर. पिकर लावून पाहिले, तर तिन्ही वेळा वेगळे आकडे आले. सगळे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. प्रत्येक वेळी आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्याने बघून शेजारी माझे शब्दही लिहिले: साय, चुना, धुतलेले तांदूळ. हे लिहिताना हात थरथरला नाही. बऱ्याच दिवसांनी एवढ्या मन लावून एका पांढऱ्या कापडाकडे बघितले आणि खरे सांगायचे तर दुपारचे रडू तिथे गॅलरीतच कुठेतरी ओसरले. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे. कशासाठी, ते आता थोडे कळते आहे.

पुढच्या रविवारी वही बरोबर नेईन. वर्ग सुरू होण्याआधी त्याला वर दालनात घेऊन जाईन आणि सांगेन की उजव्या डोळ्याने निळसर दिसतो, डाव्याने पिवळसर. मग त्याला फोन खिशात ठेवायला सांगून विचारेन, तुला कोणता दिसतो?