हात धुऊन येईपर्यंत

"पूर्वी हा एवढा रडत नव्हता रे," काकांनी ड्राइव्ह माझ्या टेबलावर टेकवला आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले. शनिवारची सकाळ. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं माझं जुन्या कॉम्प्युटरांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप म्हणजे घराचं गॅरेज. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकन, त्यामुळे मराठीतून तक्रार ऐकायची सवयच नाही. ड्राइव्ह कमोडोरचा, १५४१, फ्लॉपी वाचणारा. सोबत त्याचा कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा डबा. १९८४ साली मुलासाठी घेतलेलं सगळं, इतकी वर्षं बेसमेंटमध्ये पडून होतं.

"लोड लावून पोरगा हात धुऊन यायचा, तोवर गेम समोर. आता जेवण उरकतं."

मी घड्याळ लावलं. १५० ब्लॉकचा गेम, म्हणजे साधारण ३८ हजार बाइट. २ मिनिटं ५० सेकंद लागली आणि मध्ये दोनदा ती सुप्रसिद्ध खडखड. फ्लॉपी वाचणारं हेड पहिल्या ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या सर्वांत बाहेरच्या वर्तुळावर, पोचलं की नाही हे कळायला या ड्राइव्हमध्ये सेन्सर नाही. वाचताना अडलं की हेड मागे नेऊन अडणीवर आपटायचं आणि तिथून पुन्हा मोजत यायचं, हा त्याचा खाक्या. म्हणजे वाचण्यात चुका होत होत्या आणि वेळ पुन्हापुन्हा वाचण्यात जात होता. सोपी केस, असं मनात म्हटलं.

झाकण काढलं. बेल्ट सैल, हेडवर तपकिरी थर. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसताना तीन बड काळे झाले. नवा बेल्ट चढवला आणि स्पीडकडे वळलो. चाकाच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची वर्तुळं असतात, ५० हर्ट्झच्या विजेसाठी एक, ६० साठी दुसरं. मिनिटाला बरोबर ३०० फेरे पडले की ट्यूबलाइटच्या उजेडात त्या पट्ट्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. गॅरेजभर मी हौसेने एलईडी लावलेत, त्यांच्याखाली नुसता राखाडी धूर दिसतो. म्हणून कोपऱ्यात चोकवाली एक जुनी ट्यूब राखून ठेवली आहे. तिच्याखाली धरलं तर पट्ट्या सावकाश मागे सरकत होत्या. प्रीसेट, म्हणजे स्पीड जुळवायचा छोटा स्क्रू, केसभर फिरवला, थांबल्या.

काका वाकून बघत होते. "रेकॉर्ड प्लेअरला असायचं असं." अगदी तेच.

पुन्हा लोड. १ मिनिट ३६ सेकंद, खडखड बंद. मी खूश. काका नाहीत. "सुधारला. पण हा तो नव्हे."

मग मी जरा मास्तरकी केली. "काका, याहून वेगात जाणं याला जमतच नाही. तबकडी सेकंदाला ५ वेळा फिरते. बाहेरच्या ट्रॅकवर २१ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट. म्हणजे हेडखालून सेकंदाला २६ हजारांवर बाइट जातात. कॉम्प्युटरकडे पोचतात जेमतेम ४००." एक सेक्टर वायरीतून पलीकडे जाईतो तबकडीचे तीन फेरे होऊन जातात. घोळ आहे तो वायरीवरच्या बोलण्यात. एकेक बिट, आणि प्रत्येक बिटामागे थांबणं. कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरमध्ये हे काम ६५२२ चिपचं शिफ्ट रजिस्टर, म्हणजे बिट ओळीने आपोआप पुढे सरकवणारा भाग, करणार होतं. त्यात दोष निघाला आणि ओझं सॉफ्टवेअरवर आलं. पुढे ६४ आला, तर त्याची व्हिडिओ चिप पडद्यावरच्या दर आठव्या ओळीला प्रोसेसरला थांबवते. तेवढ्यात बिट हुकू नये म्हणून गती आणखी उतरवली. आणि ड्राइव्हच्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम! अख्खा कॉम्प्युटर आत बसलाय आणि बोलतो तारखात्यासारखा.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "ते असेल. पण हात धुवायला दीड मिनिट लागतं का?"

मला उत्तर सुचेना. आठवणीत सगळंच वेगवान असतं, असं काहीतरी तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मशीन फिरवून मागची कार्ट्रिजची खाच बघितली. बाकी सगळीकडे बोटभर धूळ, खाचेच्या कडा मात्र वापरून गुळगुळीत झालेल्या.

"काका, इथे काही लावलेलं असायचं का?"

"मला काय माहीत? थांब." त्यांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

"फास्टलोडचं कार्ट्रिज, बाबा! ते मी डॉर्मवर नेलं होतं. रूममेटला दिलं."

"मग?"

"मग काय? नव्वद साल होतं."

ड्रॉवरमध्ये माझं एक एपिक्स फास्टलोड होतंच. अशी कार्ट्रिजं ड्राइव्हच्या त्या २ केबी रॅममध्ये आपला प्रोग्रॅम उतरवतात आणि दोन्ही बाजूंना नवी, आटोपशीर बोली शिकवतात. बेल्ट, हेड, तबकडी सगळं तेच. ते खाचेत बसवलं, लोड दिलं. काका खरोखरच उठून सिंककडे गेले.

२० सेकंद. टॉवेलला हात पुसत ते परतले तेव्हा गेमचं संगीत सुरू झालं होतं.

"हं," काका म्हणाले, "आता झाला दुरुस्त. बेल्टच होता ना?"